पडद्यावरची गायिका, मंचावरचा चेलो

म्याओ जमातीची एक गायिका व्हिडिओच्या पडद्यावर डोंगरातलं गाणं गाते आणि तिच्या सुराला उत्तर देतो मंचावर बसलेला चेलोवादक. मूळ गाण्यात हे उत्तर दरीपलीकडून यायचं! संगीतकार तान दुन यांच्या ‘द मॅप’ या रचनेतला हा प्रसंग अंगावर काटा आणतो.

तान दुन यांचा जन्म १९५७चा, चीनच्या हूनान प्रांतातला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते भातशेतीत राबले, पेकिंग ऑपेराच्या मंडळीत वाजवू लागले आणि मग बीजिंगच्या संगीतशाळेत पोहोचले. १९८१मध्ये पश्चिम हूनानमध्ये त्यांना दगड वाजवणारा एक कलावंत भेटला. बऱ्याच वर्षांनी ते त्याच्याकडे शिकायला परतले, तेव्हा तो हयात नव्हता. त्याची कलाही त्याच्याबरोबरच गेली होती.

मग त्यांनी गावोगावचे कलावंत चित्रित केले. कुणी झाडाचं पान ओठांशी धरून फुंकतं, कुणी जिभेच्या हालचालीने गाणं झुलवतं. ही चित्रफीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची त्यांनी ‘द मॅप’मध्ये जी सांगड घातली, तीत गावचं संगीत शोभेपुरतं उरत नाही. वाद्यवृंदालाच त्याच्या तालावर चालावं लागतं.

२००३च्या फेब्रुवारीत बॉस्टन सिम्फनीसोबत चेलोवादक यो-यो मा यांनी ‘द मॅप’ प्रथम वाजवलं. त्याच वर्षी पश्चिम हूनानमधल्या फंगह्वांगला, नदीकाठी, त्याचा प्रयोग झाला.