तेरचे विटांचे चैत्यगृह

धाराशिव शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. इथले त्रिविक्रम मंदिर समोरून अगदी साधे दिसते. पुढचा सपाट छताचा मंडप बघून कोणी मागे फिरला, तर मूळ वास्तू त्याच्या नजरेतून निसटतेच. म्हणून आधी मंदिराला बाहेरून फेरी मारावी. मंडपामागचा लांबट गाभारा संपूर्ण विटांचा आहे. त्याची मागची भिंत चौकोनी नसून अर्धगोल आहे आणि वर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोलसर छप्पर आहे. हे छप्पर विटांचा एकेक थर आत सरकवत नेऊन दोन्ही बाजू माथ्यावर जुळवून केलेले आहे. मंडपाच्या छतावर डोकावणारी कमान भाजे, कार्ले इथली लेणी पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येते: तोच चैत्यगवाक्षाचा आकार.

या साम्यावरूनच पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचे सभागृह, असल्याचे मत मांडले. पुढे बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले; काळाबाबत मात्र एकमत नाही. आज आत विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते.

बांधीव चैत्यगृह छपरासह उभे राहणे फार दुर्मीळ. तक्षशिला असो वा नागार्जुनकोंडा, अशा वास्तूंचे बहुतेक ठिकाणी जोतेच उरले आहे. छपरासह टिकलेले दुसरे प्रसिद्ध उदाहरण आंध्र प्रदेशात चेजर्ला इथे आहे आणि तेही आज कपोतेश्वर या नावाने शिवमंदिर आहे. हा योगायोग म्हणता येणार नाही. पाऊस आणि पिंपळाची मुळे हे विटांच्या बांधकामाचे मोठे शत्रू. नांदत्या देवळात झाडलोट होते, गळती बुजवली जाते, उगवलेले रोप उपटले जाते. देव बदलला, पण पूजा थांबली नाही, म्हणून तेरची वास्तू वाचली.

हे चैत्यगृह आडगावी उभे राहिले नव्हते. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असल्याची नोंद आहे. इथले तलम आणि जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई. पुढच्या काळात कोकणचे शिलाहार राजे स्वतःला तगरनगरीचे स्वामी म्हणवून घेत. व्यापाऱ्यांच्या अशा गावी भिक्खूंना आश्रय मिळणे स्वाभाविक होते. उत्खननात इथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही सापडले आहेत.

त्या वैभवाचे पुरावे गावातच, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. लामतुरे तेरचेच. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडणाऱ्या वस्तू त्यांनी हौसेने जमवल्या आणि जपल्या. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी यांच्या या संग्रहात मोठे मोल आहे ते हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. तिच्याशी तेरच्या मूर्तीचे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे.

पाठीवर सॅक टाकून अनुराधापूर, बागान, आयुथया किंवा बोरोबुदूर अशा परदेशातील बौद्ध स्थळांकडे निघणाऱ्या मराठी तरुणांनी त्याआधी तेरला यावे. चैत्यगृहाचा आकार इथे समजला की तक्षशिला किंवा नागार्जुनकोंडा इथल्या उघड्या जोत्यांवर काय उभे असेल, हे कळू लागते. जोडीला धाराशिवजवळची लेणी पाहावीत. ती आज जैन लेणी म्हणून ओळखली जातात. काही अभ्यासकांच्या मते मात्र ती मुळात बौद्ध होती. तेरमध्येच संत गोरोबाकाकांचे मंदिर आहे, त्यामुळे वारकऱ्यांची वर्दळ असते.

त्रिविक्रम मंदिर हे आजही पूजेतले देऊळ आहे, याचे भान ठेवावे. विटांवर चढू नये, नावे कोरू नयेत. पांढरीवर एखादे खापर किंवा मणी दिसला, तर तो खिशात न घालता वस्तुसंग्रहालयात कळवावे. वस्तू नेमकी कुठे सापडली हे कळले नाही, तर तिच्यातला निम्मा इतिहास तिथेच हरवतो.