फेशियलची तारीख

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली इथल्या पार्लरांत वर्षातून दोनदा पाय ठेवायला जागा नसते. एकदा दिवाळीच्या तोंडावर आणि मग तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की. दोन्ही वेळा प्रश्न ठरलेला, ‘कुठलं फेशियल करू?’ फ्रूट की गोल्ड की पर्ल, यावर जेवढी चर्चा होते तेवढी ‘कधी करू?’ यावर झाली, तर ऐन सणात चेहऱ्यावर पुरळ घेऊन बसायची वेळ फारशी येणार नाही.

त्या तासाभरात काय होतं?

आधी चेहरा स्वच्छ करतात, मग स्क्रबने मृत पेशी काढतात, वाफ देऊन ब्लॅकहेड्स काढतात, क्रीमने मसाज करतात आणि शेवटी पॅक लावतात. पॅक धुतल्यावर जी झळाळी दिसते ती मुख्यतः मसाजमुळे वाढलेल्या रक्तप्रवाहाची आणि वरचा थर निघाल्याने आलेल्या गुळगुळीतपणाची. त्वचेचा मूळ रंग त्यात बदलत नाही. आणि जो थर निघतो, तोच ऊन, धूळ, जंतू यांना अडवत असतो. कुडाच्या भिंतीवरचं लिंपण खरवडलं की नवं वाळेपर्यंत ती जपावी लागते, तसे पुढचे दोन-तीन दिवस चेहरा जपायचा. तरुण वयात हा थर साधारण २८ दिवसांत नवा होतो, वय वाढतं तसा जास्त वेळ लागतो. म्हणून दोन फेशियलमध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावेत.

आधीचा महिना

आयुष्यातलं पहिलं फेशियल लग्नाच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात करू नये. महिनाभर आधी एकदा करून पाहावं. काही सोसत नसेल तर ते तेव्हाच कळतं. मुख्य फेशियल कार्यक्रमाच्या पाच ते सात दिवस आधी.

रेटिनॉल, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेली क्रीम्स आठवडाभर आधी थांबवावीत. डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल तर त्यांनाच विचारून. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा नाजूक झालेली असते. वॅक्सिंगने तिची सालं निघू शकतात. तेव्हा हे पार्लरमध्ये सांगायला संकोच नको.

‘ब्लीच, थ्रेडिंग, फेशियल एकदम’ हे पॅकेज पैशाने स्वस्त आणि चेहऱ्याला महाग. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतात. त्यावर लगेच स्क्रब म्हणजे चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवणं. ब्लीच आणि फेशियल यांत तीन-चार दिवस ठेवा. ब्लीचचा ठिपका आधी कानामागे लावून एक-दोन दिवस वाट पाहा. पू भरलेले मुरूम, ओठाच्या कडेला पाण्याचे फोड किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर तारीख पुढे ढकलावी.

खुर्चीत बसताना दोन गोष्टी बघा: टॉवेल धुतलेला आहे का, आणि ब्लॅकहेड्सची सुई किंवा उपकरण निर्जंतुक केलेलं आहे का. चामखिळीचे विषाणू थ्रेडिंगच्या दोऱ्यातूनही पसरू शकतात.

नंतरचे दिवस

पहिला दिवस साध्या पाण्याचा. साबण, वाफ, मेकअप, व्यायामशाळा काही नको. कर्जतचं फार्महाउस किंवा खोपोलीचं वॉटर पार्क ठरलं असेल तर फेशियल परत आल्यावर करा, कारण पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन उघड्या पडलेल्या त्वचेला झोंबतं.

दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे भातकापणी आणि ऑक्टोबरचं ऊन एकत्र येतं. शेतावर, दुचाकीवर किंवा रसायनीच्या कारखान्याकडे निघताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचं सनस्क्रीन लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि वर ओढणी किंवा टोपी. वांग असलेल्यांनी तर यात अजिबात कसूर करू नये. उन्हाने तो गडद होतो.

आता सणाचा पेच. धनत्रयोदशीला फेशियल आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचं उटणं, म्हणजे लागोपाठ दोनदा घासणं. उटणं अंगाला खुशाल लावा, चेहरा तेवढा वगळा. लग्नातल्या हळदीचंही तेच. फेशियल आणि हळद यांत चार-पाच दिवस हवेत.

बिनलेबलच्या डबीपासून सावध

कर्जत-खालापुरातला मुसळधार पाऊस आणि दमट हवा बुरशीला पोषक. पावसाळ्यात झालेला गजकर्ण घालवायला किंवा ‘गोरं व्हायला’ दुकानातून मिश्र मलम आणलं जातं, त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला खाज थांबते, चेहरा उजळतो. पण बुरशी आतून पसरते, त्वचा पातळ होते आणि मलम थांबवलं की चेहरा लाल होऊन जळजळतो. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

दुसरा धोका पाऱ्याचा. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि त्याचा माग त्या वापरत असलेल्या चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत पोहोचला, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला गाजली. तपासात मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा सहभाग होता. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतो. तेव्हा उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक छापलेले नसतील तर ती डबी, कितीही ओळखीच्या बाईने दिली तरी, चेहऱ्याला लावू नये.

फेशियलनंतर काही तास हलकी लाली राहते, ते स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही जळजळ, सूज, पाणी भरलेले फोड किंवा पू दिसला तर घरगुती लेप न लावता डॉक्टर गाठावा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्वचारोगतज्ज्ञच हवा असेल तर कामोठ्याचं एमजीएम किंवा परळचं केईएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जाताना वापरलेल्या क्रीमची डबी सोबत न्या. निम्मं निदान तिच्यावरच्या मजकुरात सापडतं, आणि मजकूर नसेल तर तोही पुरावाच.