मोरचूद, मेंढरं आणि कलेजी

माळावर मोकळं चरलेल्या जनावराचं मटण निर्भेळ, अशी आपली ठाम समजूत आहे. युरोपात तिला शिशानं तडा दिला. शिशाच्या गोळीनं मारलेल्या हरणा-डुकरांच्या मांसात धातूचे बारीक कण उरतात, म्हणून जर्मनीतल्या तज्ज्ञांनी लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते टाळायला सांगितलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकारच बंद. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात, डाळिंबाच्या मुलखात, बघायचं ते मेंढराकडे, आणि धातू शिसं नव्हे, तांबं.

डाळिंबावर तेल्या रोगासाठी आणि बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्यात किलोभर मोरचूद, किलोभर चुना. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं, म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम. मेंढीच्या खाद्यात किलोमागे 15 मिलिग्रॅमच्या वर तांबं नको, असा युरोपीय संघाचा नियम आहे. किलोभर वाळल्या गवतावर नुसते दोन चमचे फवारा उडाला तरी 25 मिलिग्रॅम होतात! बाग विश्रांतीला सोडलेली, खाली तण माजलेलं, आणि खतासाठी मेंढरं बसवलेली, असा योग जुळला की हिशेब सुरू होतो. मेंढीच्या पित्तावाटे तांबं फारच कमी बाहेर पडतं. ते यकृतात महिनोन्‌महिने साचतं आणि लांबची चाल किंवा उपासमार घडली की एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि दोन-चार दिवसांत मेंढी जाते.

‘त्याच बागेत शेळ्या चरतात, त्यांना कुठं काय होतं?’ असं कुणी म्हणेल. खरं आहे; शेळी मेंढीपेक्षा पुष्कळ जास्त तांबं सोसते, आणि म्हणूनच फवाऱ्यावर संशय जात नाही. तांबं शरीराला लागतंच, हा आक्षेपही खरा. माणसाचं यकृत जादा तांबं पित्तातून काढून टाकतं आणि मेंढीच्या मांसात ते फारसं साचत नाही, तेव्हा रस्सा ओरपणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. कलेजीची गोष्ट वेगळी, कारण सगळा साठा तिथंच. ज्यात शरीरात तांबं साचत जातं तो विल्सनचा आजार असलेल्यांना तर ती वर्ज्यच. खरी भीती मेंढी मरायच्या आत घाईनं सुरी फिरवण्याची आहे. पिवळी पडलेली मेंढी पशुवैद्यकाला दाखवायची, पातेल्यात घालायची नाही. औषधाच्या लेबलावर फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते फळासाठी छापतात. झाडाखालचं गवत कधी चारायचं, हे धनगराला बागवाल्यानंच सांगायला हवं.