पिशवीतले कागद आणि सभागृहातली उत्तरं

आमच्या घरी पोटमाळ्यावर एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात बाबांचं गिरणीतलं हजेरीचं तिकीट, घड्या पडून मऊ झालेलं ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाच्या दोन पावत्या आणि २०११ साली भरलेल्या घराच्या अर्जाची पोच आहे. बाबा साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होतो. बाबा गेले त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. आईला बाकी आकडे आठवत नाहीत, पण त्या अर्जाचा क्रमांक तोंडपाठ आहे.

माझ्या टेबलाच्या खणात कागदांची दुसरी चळत आहे. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या मी बरीच वर्षं गोळा करतो. ज्यांनी त्या वाचल्या असतील त्यांना त्यांचा साचा माहीत आहे. ‘हे खरे आहे काय’ अशी सुरुवात, मग ‘असल्यास’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. समोर मंत्र्यांचं उत्तर असतं : ‘होय, हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, सगळ्यांत मुंबईची घरं येतात. कधी पडलेली इमारत, कधी संक्रमण शिबिरातली गळकी खोली, कधी रखडलेली सोडत. दर अधिवेशनात येतात. आईची पिशवी आणि माझी चळत यांची मात्र कधी गाठ पडली नाही. ती का पडली नाही हे शोधताना शंभर वर्षं मागं जावं लागलं.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कामगारांना राहायला जागा उरली नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली विकास विभाग काढला. तोच बीडीडी. कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया नगरशुल्क बसवून पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरलं. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची, काँक्रीटची, कोंदट. भाडं कामगाराला परवडेना, म्हणून घरांची एवढी चणचण असताना त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या काही चाळींचा सरकारनं तात्पुरता तुरुंग केला.

त्या काळच्या कायदे कौन्सिलात गिरणी कामगाराचं मत नव्हतं. मताचा हक्क मालमत्तेवर होता. तरीही तिथं सरकारला घाम फोडणारा माणूस होता. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी याच विकास विभागाच्या बॅकबे भरावाच्या कामावर कौन्सिलात आणि बाहेर इतके नेमके आरोप केले की हार्वे नावाच्या अभियंत्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. भरावाच्या कामाची चौकशी झाली, खर्चाचे आकडे बाहेर आले, योजना आखडली. एका सभासदानं कागद हातात घेऊन किती करता येतं, हे मुंबईनं तेव्हा पाहिलं होतं. पण चाळींच्या बाबतीत, पन्नास हजारांतल्या उरलेल्या चौतीस हजार खोल्यांचं काय, हा प्रश्न कोणी धरून ठेवला नाही. विभाग गुंडाळला, आकडा विरून गेला. हे पुढं पुन्हा पुन्हा घडलं, म्हणून मी ते इथं सांगतो आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती पडू लागल्या. १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर बसला. तेव्हा शहर भागात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. १९७७ च्या डिसेंबरात म्हाडा आली. १९८६ साली विधिमंडळानं म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं : सत्तर टक्के रहिवासी एकत्र आले तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत सहकारी संस्थेसाठी संपादन करता येईल. माझ्या मते मुंबईच्या भाडेकरूंसाठी सभागृहानं केलेलं हे सर्वांत धाडसी काम होतं. मालक न्यायालयात गेले. १९९२ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, २००२ साली नऊ न्यायमूर्तींकडे सोपवलं गेलं, आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. सगळीच खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असं बहुमतानं सांगितलं. कायदा झाल्यापासून अडतीस वर्षं. दरम्यान ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडून ३३ माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. बरोबर एक वर्षानं, १६ जुलै २०२० ला, फोर्टमध्ये भानुशाली इमारत.

आता गिरण्यांकडे येतो, कारण माझं मन तिथं आहे.

संपात अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागं घेतला गेलाच नाही. संपाचे नेते दत्ता सामंत १९८४ साली, काँग्रेसची लाट असताना, दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे गिरणगावानं आपला माणूस थेट संसदेत पाठवला. तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन केंद्रानं १९८३ साली हाती घेतलेलं होतं, तेव्हा प्रश्न दिल्लीचाही होताच. पण केंद्राच्या गिरणीची जमीन वस्त्रोद्योग महामंडळाची, तिच्यावर लागू होणारा नियम राज्याचा आणि बांधकामाची परवानगी महापालिकेची. संसदेत विचारलं की राज्याकडे बोट, विधानसभेत विचारलं की केंद्राकडे. बाबा म्हणायचे, आमचा साचा एका माणसाच्या हातात असायचा, म्हणून कापड निघायचं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. गिरणगावातल्या माणसानं तो नियम वाचून तिसऱ्या भागाचं गणित मनात पक्कं केलं. मालकांनी मात्र वाटे पडू नयेत म्हणून जमिनी तशाच ठेवल्या. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि त्यानं सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करायला सांगितलं. ते झालं नाही. २० मार्च २००१ ला नियम ५८ दुरुस्त झाला. वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे पडतील, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली. गिरणी म्हणजे शेड, गोदामं, खाती. मोकळी जागा असते ती फाटकापाशी आणि कोपऱ्यात. एका शब्दानं तिसरा भाग कोपऱ्यांपुरता उरला. पर्यावरणवादी संस्था उच्च न्यायालयात गेली, २००५ साली तिथं जिंकली, आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारची दुरुस्ती कायम केली.

ही दुरुस्ती झाली ती नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली, अधिसूचनेनं. हरकती-सूचना मागवायच्या आणि शासनानं मंजुरी द्यायची, अशी ती पद्धत. विधानसभेत मतदान होण्याचं कारणच नव्हतं. शेकडो एकरांचा निर्णय झाला आणि ज्या सभागृहात लालबाग-परळचे आमदार बसत होते त्यानं त्यावर हात वर करायचा प्रसंग आला नाही. नंतर प्रश्न विचारता आले, खूप विचारले गेले. पण तोवर जमिनीचे वाटे ठरले होते.

मग मोजणी तरी कोणी केली? ती कामगारांनीच केली. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या फाटकांवर उपोषणं केली, मोर्चे काढले, खोली-खोलीतून नावं जमवली. त्या रेट्यानं सरकारला अर्ज मागवावे लागले. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र, असं ठरलं. २०१०-११ ला आणि पुन्हा २०१७ ला अर्ज आले. एकूण १,७४,१७२. गिरणगावाच्या घरांचा अनुशेष पहिल्यांदा एका आकड्यात दिसला तो असा, रांगेत उभं राहून.

बाबांबरोबर त्या रांगेत मी होतो. पुढं एक बदली कामगार होते, सत्तरीचे. बदलीवाल्याचं काम रोज सकाळी फाटकावर ठरायचं, त्यामुळं त्यांच्याकडं सलग कागद नव्हता. खिडकीतल्या माणसानं त्यांना गिरणीचा दाखला आणायला सांगितलं. ती गिरणी पाडून तिथं टॉवर उभा होता. त्यांनी शर्टाची बाही वर करून पट्ट्यात सापडून झालेला जुना व्रण दाखवला आणि म्हणाले, हा दाखला चालतो का बघा. खिडकीतला माणूस गप्प बसला, मग त्यानं अर्ज घेतला. मला त्या माणसाचंही कौतुक वाटतं.

आता सोडतींचा हिशेब. जून २०१२ ला ६,९२५ घरं. मे २०१६ ला २,६३४. त्याच वर्षी डिसेंबरात पनवेलजवळ कोन इथली २,४१७. मार्च २०२० ला ३,८९४. बेरीज १५,८७०. अकरा अर्जांमागं एक घर. त्यातही कोनच्या विजेत्यांना सोडत लागूनही ताबा मिळेना. करोनाच्या काळात ती घरं विलगीकरणासाठी वापरली गेली, त्यांची दुर्दशा झाली, आणि चाव्या मिळायला पुढं वर्षं गेली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरं द्यायचं ठरवलं. ज्यांनी परळला आयुष्य काढलं त्यांना कर्जतच्या लोकलनं तिकडं जायचं. ९ जुलै २०२५ ला, पावसाळी अधिवेशन सुरू असताना, आझाद मैदानावर म्हातारे कामगार आणि गेलेल्या कामगारांच्या विधवा जमल्या. मागणी एकच होती : घर मुंबईत द्या. शेलू-वांगणीचं ठरलं तेही शासन निर्णयानंच, हेही लक्षात ठेवायला हवं.

एक गोष्ट मला फार दिवस खुपते. अनुशेष हा शब्द महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणी अशा एकेका क्षेत्रात कुठला जिल्हा किती मागं आहे हे मोजलं आणि ३,१८६ कोटींचा आकडा समोर ठेवला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली. राज्यघटनेच्या ३७१(२) अनुच्छेदानुसार त्यांच्या कामाचा अहवाल, २०२० साली त्यांची मुदत संपेपर्यंत, दरवर्षी विधानसभेपुढं ठेवायचा असे. त्यावर विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, कारण भांडायला आकडा होता. दांडेकर समितीच्या क्षेत्रांत घरं नव्हती. म्हणून घराच्या बाबतीत आमदाराच्या हाती येतं ते एकेका इमारतीचं, एकेका शिबिराचं उत्तर. एकूण घरं किती द्यायची होती, किती दिली, यंदा किती वाढली, असा चालता ताळेबंद सभागृहाच्या पटलावर दरवर्षी येण्याची सोय नव्हती. आश्वासन समिती आहे, आश्वासनाला ९० दिवसांची मुदत आहे, पण ती समिती दिलेला शब्द तपासते. न दिलेल्या शब्दांची बेरीज करणं तिच्या कक्षेत नाही. संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. घरांचं खातं वर्षभर एका समितीसमोर असतं, तिच्या शिफारशी, त्यावरची सरकारची कृती, सगळं छापून येतं. मी पाहिलेल्या वर्षांत मुंबईच्या घरांना तसं टेबल विधिमंडळात मिळालं नाही.

त्यामुळं हिशेब विचारायचं काम न्यायालयावर आलं. ३० जुलै २०२४ ला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखालचे १,६१२ दावे उच्च न्यायालयात पडून असल्याची नोंद घेतली आणि या कायद्याच्या अंमलबजावणीचं मूल्यमापन स्वतःहून हाती घ्यायला उच्च न्यायालयाला सांगितलं. कायदा सभागृहाचा, पन्नास वर्षं जुना, आणि तो चालतो की नाही हे तपासायचं काम न्यायमूर्तींनी करायचं. मला याचं वाईट वाटतं. न्यायालयाबद्दल तक्रार नाही, पण न्यायालयात आई मत देत नाही.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत. टीव्हीवर बायका चावी कपाळाला लावत होत्या आणि आई पदरानं डोळे टिपत होती. तिला मनापासून आनंद झाला होता, त्यातल्या कोणालाही ती ओळखत नव्हती तरी. बातमी संपल्यावर तिनं मला स्टुलावर चढून पिशवी काढायला लावली. पोच उन्हात धरली, शाई अजून वाचता येते का बघितलं, आणि क्रमांक मोठ्यानं म्हणून दाखवला. मी तो माझ्या चळतीतल्या सर्वांत वरच्या यादीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवला आहे.