रंग शेवटी, गंज आधी

जुनी स्पोर्ट्स कार उभी करायची हौस असलेल्या माणसाची पहिली अडचण गाडी मिळण्याचीच असते. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं आली आणि काही दशकं आपल्या रस्त्यांवर मुख्यतः तीनच नावं दिसत राहिली: अ‍ॅम्बॅसिडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी इथल्या कारखान्यांतून फारशी निघालीच नाही. म्हणून मोडनिंबसारख्या गावातल्या एखाद्या तरुणाला पहिलीच गाडी घ्यायची असेल, तर मी हेरल्ड सुचवीन. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण एका अस्सल स्पोर्ट्स कारची थोरली बहीण नक्की आहे.

इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फने हेरल्ड १९५९ साली आणली. तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉटी यांनी रेखाटलं. १९६१पासून ती मद्रासला तयार होऊ लागली आणि पुढे चार दारांची हेरल्ड खास भारतासाठी निघाली. १९६२ साली ट्रायम्फने ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बाजारात आणली, ती हेरल्डचीच चॅसी आखूड करून. पुढच्या चाकांची जोडणी, स्टिअरिंग, मागचा आडवा पाटा हे सगळं त्याच घराण्यातलं. हेरल्डवर हात बसला की स्पिटफायर परकी वाटत नाही.

नवशिक्यासाठी हेरल्डचा खरा गुण तिच्या बांधणीत आहे. फियाट ११०० किंवा अ‍ॅम्बॅसिडरमध्ये पत्र्याचं शरीर हाच सांगाडा. दाराखालचा उंबरठा सडला की गाडीची ताकदच गेली, आणि तो कापताना खालून नीट आधार दिला नाही तर गाडी वाकते, मग दारं पुन्हा कधी धड बसत नाहीत. हेरल्डला वेगळी चॅसी आहे आणि शरीर तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने कसलेलं आहे. बॉनेट पुढच्या मडगार्डसकट पुढे उलटतं आणि इंजिन, चाकं, सस्पेन्शन एकदम उघडं पडतं. एका वेळी एकच भाग सोडवून दुरुस्त करता येतो. मात्र बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचे पाने लावून डोकी झिजवण्यापेक्षा इंची पान्यांचा संच आधी घ्यावा.

आता गंजाचं. गाडी पाहायला गेल्यावर डोळे रंगावर आणि क्रोमवर जातात. ते खाली वळवावेत. गाडी आजवर कुठे उभी होती, हा पहिला प्रश्न. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांहून अधिक, आणि किनाऱ्यावरच्या हवेत मीठही असतं. पाणी, प्राणवायू आणि मीठ एकत्र आले की लोखंडाला दुसरा शत्रू लागत नाही. त्यामुळे माढा-मोहोळकडे आयुष्य काढलेली गाडी कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चकचकीत गाडीपेक्षा पत्र्याने निरोगी निघण्याची शक्यता जास्त. पण कोरड्या मुलखाचेही सापळे आहेत. काळ्या रानात टेकलेली गाडी पावसाळाभर खालून ओल शोषते. गोठ्यात उभी केलेली त्याहून वाईट, कारण जनावरांच्या मुतातले क्षार फरशीचा पत्रा खातात.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की त्यांना आतून फाकवतो, आणि वर रंगाचा फुगा दिसेपर्यंत आतलं बरंच काम झालेलं असतं. खिशात लोहचुंबक ठेवा. कागद मध्ये धरून चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग गाडीखाली आडवे व्हा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चॅसीवर, विशेषतः तिच्यातून बाजूला निघालेल्या आडव्या हातांवर दाबून पाहा. हे हात पोकळ असतात, माती साठवतात आणि आतून कुजतात. दारं उघडझाप करा. दाराच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर चॅसी किंवा बिजागऱ्यांकडचा पत्रा खचलेला असू शकतो. बंद इंजिनाला मी एवढं घाबरणार नाही. इंजिन वेगळं काढून टेबलावर दुरुस्त करता येतं. खचलेल्या चॅसीवर मात्र नवशिक्याने पैसे घालू नयेत.

या कामाला मोडनिंब गैरसोयीचं आहे असं मला मुळीच वाटत नाही. गाव सोलापूर-पुणे महामार्गावर आहे. १९०६ साली पंढरपूरला पोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर त्याचं स्टेशन आहे आणि कुर्डुवाडीचं रेल्वे वर्कशॉप जवळच. आजूबाजूला उसाचा पट्टा, म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली, लेथ आणि वेल्डिंग आलंच. पाना धरणारे, बुश टर्न करून देणारे हात इथे शोधावे लागत नाहीत. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची गर्दी असते, तेव्हा कोणाला वेळ नसतो. तुमचं काम उन्हाळ्यात न्यावं.

फक्त एक फरक वेल्डरशी आधी बोलून घ्या. ट्रॉलीच्या जाड पत्र्याला आणि चॅनेलला लागणारं आर्क वेल्डिंग गाडीच्या एक मिलिमीटरभर पत्र्याला भोक पाडतं. गॅसने उष्णता पसरते आणि पत्रा लाटांसारखा वळतो. सीओटू वेल्डिंग वापरावं, एका रेघेत न ओढता इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ देत. सडलेल्या पत्र्यावर ठिगळ चढवू नये. चकाकतं लोखंड लागेपर्यंत कापावं आणि मगच नवा तुकडा काठाला काठ लावून जोडावा. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला ज्योत दाखवू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

सुटे छोटे भाग घरीच साफ करता येतात. प्लास्टिकच्या टोपात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगार लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. काही तासांत गंज सुटतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे उघड्यावर करायचं. भाग काढल्यावर लगेच धुऊन, वाळवून प्रायमर मारा. उघडं स्वच्छ लोखंड एका रात्रीत पुन्हा लालसर होतं.

कागदांबद्दल मी कडक आहे. आरसी बुकावरचा इंजिन आणि चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर व्यवहार करू नका. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्राने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचं पाच हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठी चालवता येते, रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी यात बसत नाही. हेरल्डमध्ये मारुतीचं इंजिन बसवायचा सल्ला अनेक जण देतील. चालायला सोपं पडेल, पण पन्नास-साठ वर्षं टिकून राहिलेली गाडी त्या दिवशी संपेल. मी तो सल्ला मानणार नाही.

रस्त्यावर काढण्यापूर्वी ब्रेकची सगळी रबरं आणि होसपाइप नवे टाका, वरून चांगले दिसले तरी. आणि पुढच्या चाकांच्या खालच्या पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे उभा दांडा ज्याच्या आट्यांत फिरतो त्या तुकड्यात, ग्रीस न भरता नव्वद नंबरचं गिअर ऑइल घाला. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, त्या कोरड्या पडून गंजतात, उभा दांडा मोडतो आणि चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. हेरल्ड आणि स्पिटफायर दोघींची ही खोड सारखीच आहे. पहिली चक्कर महामार्गावर नको. आतल्या रस्त्याने जवळच्या अरण गावापर्यंत जाऊन या, परत आल्यावर शरीराला चॅसीशी धरणारे सगळे बोल्ट पुन्हा कसा, आणि चाकांच्या आतल्या बाजूला तेल गळतंय का ते पाहा.