प्राध्यापकांचे वेतन आणि त्यांच्या संघटना

कारखान्यातील कामगार संघटना मालकाशी वाटाघाटी करून वेतनाचा करार करते. विद्यापीठे व महाविद्यालये यांतील प्राध्यापकांच्याही संघटना आहेत. परंतु त्यांची कार्यपद्धती निराळी आहे. तिचे कारण कायद्यात व वेतनश्रेणीच्या रचनेत आहे.

शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ठरविले. मात्र १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे. अध्यापन हे अंगमेहनतीचे वा कारकुनी काम नाही, ही त्यामागील भूमिका होती. साहजिकच, कामगार या नात्याने औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग प्राध्यापकांना उरला नाही. निवेदन, चर्चा, परीक्षाकामावर बहिष्कार आणि प्रसंगी संप हीच साधने राहिली.

वेतनश्रेणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समितीच्या शिफारशींवरून केंद्र शासन ठरविते. अधिव्याख्यात्याची श्रेणी १९७३ मध्ये ७००-१६०० रुपये व १९८६ मध्ये २२००-४००० रुपये अशी होती. २०१६ पासूनच्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले. भौतिकशास्त्र असो वा संस्कृत, श्रेणी एकच. संघटनेचा सभासद असो वा नसो, लाभही सारखाच.

तथापि केंद्राने मंजूर केलेली श्रेणी राज्यात लागू करणे, हे राज्य शासनाच्या निर्णयावर अवलंबून असते. श्रेणी केव्हा लागू होणार, थकबाकी कधी मिळणार, पदोन्नती किती वर्षांनी होणार, या बाबतींत संघटनेचा प्रभाव विशेष जाणवतो. वेतनश्रेणीच्या प्रश्नावर १९८७ मध्ये देशभरातील प्राध्यापकांनी संप केला. महाराष्ट्रात २०१३ मध्ये थकबाकी व अन्य मागण्यांसाठी परीक्षाकामावर तीन महिन्यांहून अधिक काळ बहिष्कार चालला. त्याची झळ विद्यार्थ्यांना लागली आणि प्राध्यापकांचे त्या काळातील वेतनही रोखले गेले.

या व्यवस्थेची एक मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तासिका तत्त्वावर शिकविणारे अध्यापक श्रेणीबाहेर राहतात. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रत्येक व्याख्यानास १,५०० रुपये व महिन्यास अधिकात अधिक ५०,००० रुपये अशी मर्यादा घातली. त्यांत भत्ते, रजा वा निवृत्तिवेतन नाही. वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच, पण संघटनेने झगडून मिळविलेली श्रेणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रिक्त पदे नियमितपणे भरली गेली, तरच ही तफावत कमी होऊ शकेल.