नोंद, सूची आणि रोजनिशी : जुन्या संगणक प्रणालींतील दोषशोधन (ग्रामीण भूमी अभिलेखांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कोळवण परिसरात भातशेती करणाऱ्या एखाद्या खातेदारास पीककर्जासाठी सातबारा उतारा हवा आहे, असे समजू. गटक्रमांक दिल्यावर उतारा मिळतो. मात्र नावाने शोध घेतल्यास नोंद आढळत नाही, असे उत्तर येते. जमीन तीच, खातेदार तोच आणि नोंदही शाबूत. तरीही एका वाटेने ती सापडते व दुसऱ्या वाटेने सापडत नाही. अशा प्रसंगी 'सर्व्हर मंद आहे' किंवा 'डेटा उडाला' असे निदान सर्रास केले जाते. वस्तुतः या दोन निदानांचे उपाय परस्परांहून अगदी भिन्न आहेत आणि चुकीचा उपाय केल्यास शाबूत नोंदही खरोखरच नष्ट होऊ शकते.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. पुढे २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. राज्यात २०१७ साली संगणकीकृत सातबारांचे चावडी वाचन झाले आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा उपलब्ध होऊ लागला. तीन दशकांच्या या वाटचालीत यंत्रे, अक्षरसंच व आज्ञावल्या अनेकदा बदलल्या. नोंदी मात्र एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत वाहून आणल्या गेल्या. जुन्या प्रणालीतील दोष समजून घेण्याची आवश्यकता येथेच निर्माण होते. ही आवश्यकता केवळ महसूल खात्यापुरती मर्यादित नाही. अनेक महाविद्यालयांच्या कार्यालयांत शुल्क, निकाल व ग्रंथालयाच्या नोंदी याच प्रकारच्या फाइलींत वर्षानुवर्षे साठविल्या गेल्या आहेत.

कागदावरील सूची

सूची ही संकल्पना संगणकाने आणलेली नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दुय्यम निबंधक कार्यालयात ज्या सूची ठेवल्या जातात, त्यांपैकी पहिली व्यक्तींच्या नावांची, तर दुसरी मिळकतीच्या तपशिलाची असते. सदनिका खरेदी करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असलेला 'इंडेक्स टू' तो हाच. दस्त एकच, त्याच्याकडे जाण्याच्या वाटा दोन.

गावपातळीवरील नमुन्यांत तर डेटाबेसची संपूर्ण रचनाच आढळते. गाव नमुना सात हा भूमापन क्रमांकानुसार किंवा गटानुसार लावलेला मूळ अभिलेख होय. गाव नमुना आठ-अ खातेदारानुसार लावलेला असतो; म्हणजे जमिनीवरून माणसाकडे न जाता माणसावरून जमिनीकडे जाण्याची ती सोय आहे. गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही, ही बदलांची क्रमवार रोजनिशी होय. पूर्वीच्या रिवाजानुसार बदलाची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत होई, सातबारावर ती पेन्सिलीने दर्शविली जाई आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतरच ती शाईने कायम होई. सातबारावरील वर्तुळातील क्रमांक वाचकास त्या रोजनिशीकडे परत नेतात. आधुनिक डेटाबेस नेमके हेच करतो. बदल आधी लॉग फाइलीत लिहिला जातो, मग मूळ फाइलीत. मध्येच वीज गेल्यास रोजनिशी वाचून अर्धवट काम पूर्ण केले जाते किंवा रद्द केले जाते. तलाठ्याची पेन्सिल आणि संगणकाचा लॉग यांमागील विचार एकच आहे, ही बाब संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

दोषशोधनाचा पहिला प्रश्न यातूनच निघतो : बिघाड मूळ नोंदीत आहे, सूचीत आहे की रोजनिशीत? सूची मूळ नोंदींवरून केव्हाही नव्याने तयार करता येते. सूचीवरून मूळ नोंद मात्र तयार करता येत नाही.

जुन्या फाइली व बिघडलेल्या सूची

डीबेस व फॉक्सप्रो या प्रणालींत प्रत्येक तक्ता डीबीएफ या स्वतंत्र फाइलीत, तर फॉक्सप्रोमध्ये सूची सीडीएक्स फाइलीत आणि दीर्घ मजकूर एफपीटी फाइलीत असे. फॉक्सप्रो १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली. ती शेवटचीच ठरली, आणि २०१५ च्या आरंभी तिचा तांत्रिक आधारही संपला. तथापि या फाइली आजही वापरात आढळतात, कारण त्या चालत राहतात.

या प्रणालींतील मोठी उणीव अशी की, वीज गेल्यानंतर फाइल सावरून घेणारी रोजनिशी त्यांत नव्हती. डीबीएफ फाइलीच्या आरंभी एकूण नोंदींची संख्या लिहिलेली असते. नवी नोंद फाइलीच्या शेवटी लिहिली गेली, पण संख्या वाढविण्यापूर्वीच वीज गेली, तर संख्या आणि प्रत्यक्ष नोंदी यांचा मेळ बसत नाही. नोंद बरोबर असून सूची अर्धवट लिहिली गेल्यास दुसरा प्रकार संभवतो : क्रमाने वाचल्यास नोंद दिसते, सूचीद्वारे शोधल्यास दिसत नाही. मुळशीच्या पावसाळ्यात वीज खंडित होणे नवलाचे नाही, आणि पीककर्जाची धावपळही त्याच सुमारास असते.

अशा वेळी बहुतेक जण 'रीइंडेक्स' ही आज्ञा देतात. ती पुष्कळदा यशस्वी होते, म्हणूनच ती धोक्याची आहे. सूचीची व्याख्या, म्हणजे कोणत्या रकान्यावर व कोणत्या सूत्राने ती लावावी ही माहिती, सीडीएक्स फाइलीच्या स्वतःच्याच शीर्षभागात असते. तोच भाग बिघडलेला असेल तर रीइंडेक्स बिघडलेल्या व्याख्येवरूनच नवी सूची रचते. योग्य क्रम पुढीलप्रमाणे : सर्व वापरकर्त्यांस प्रणालीतून बाहेर काढावे, तिन्ही फाइलींची जशीच्या तशी प्रत अन्यत्र घ्यावी, शीर्षभागातील संख्या व फाइलीचा आकार यांचा हिशेब पडताळावा, त्यानंतरच जुनी सूची बाजूला ठेवून 'इंडेक्स ऑन' या आज्ञेने ती मुळापासून बांधावी. हे शक्य व्हावे म्हणून सूचींची सूत्रे आधीच कागदावर उतरवून ठेवलेली हवीत. 'पॅक' ही आज्ञा या टप्प्यावर कटाक्षाने टाळावी. वगळलेल्या म्हणून खूण केलेल्या नोंदी तोवर फाइलीत असतात. पॅकनंतर त्या परत मिळत नाहीत.

नाव एक, संकेतांक अनेक

प्रास्ताविकातील खातेदाराची अडचण मात्र बहुधा याहून वेगळ्या कारणाने उद्भवते. सूची निर्दोष असते; शोधासाठी दिलेले नाव आणि साठविलेले नाव हीच संगणकाच्या दृष्टीने भिन्न असतात.

'गोऱ्हे' हे आडनाव घ्यावे. त्यातील अर्धा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ताधारी 'ऱ' व हलन्त यांनी, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संकेतांकांची अक्षरशः तुलना करणाऱ्या सूचीत मात्र ती दोन निराळी आडनावे ठरतात, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करीत नाही. 'ॲ' या अक्षराचीही हीच गत. त्यास स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वीच्या नोंदींत 'अ' व अर्धचंद्र अशी जोडणी आढळते. पांडुरंग व पाण्डुरंग, नावापुढे राहिलेली रिकामी जागा, देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंकांची सरमिसळ हे प्रकार तर नित्याचेच. खुद्द गावाचे नावही यातून सुटत नाही. हिंदी कळफलकाची सवय असलेल्या हाताकडून कोळवणचे सहज 'कोलवण' होते. गावाच्या नावाऐवजी २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी ग्रामसंकेतांक वापरणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

युनिकोडपूर्व काळातील अक्षरसंचांतून आलेल्या नोंदींचा प्रश्न अधिक बिकट आहे. इस्की या प्रमाणात अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जात. अक्षराच्या आकारावर आधारित अनेक संचांत मात्र ती दिसतात त्या क्रमाने साठविली जात. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येई. परिणामी किसन, विठ्ठल व शिवाजी ही नावे सूचीत एकत्र जमत. रूपांतरात वेलांटी एक घर चुकली तरी नाव वाचता येते, पण शोधता येत नाही.

क्रमांकांतही अशीच मेख आहे. गटक्रमांक मजकूर म्हणून साठविल्यास १, १०, १००, २ असा क्रम लागतो. ज्या गावांत एकत्रीकरण योजना लागू झाली तेथे जुना सर्व्हे क्रमांक व नवा गटक्रमांक अशा दोन ओळखी असतात. पोटहिस्स्यांमुळे त्यांत तिरकी रेघ व अक्षरे येतात. यावर उपाय म्हणजे मूळ नोंदीस हात न लावता शोधासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवणे आणि त्यात नावाचे व क्रमांकाचे नियमबद्ध केलेले रूप भरून सूची त्या रकान्यावर लावणे. मूळ नावातच दुरुस्ती करण्याचा मोह येथे आवरावा लागतो. अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये ठरवून दिलेली आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यास तो अधिकार नाही.

मंदपणा आणि फाइलींची मांडणी

खरोखरच मंद असलेल्या प्रणालीत प्रथम प्रश्नाची मांडणी तपासावी. सध्याच्या डेटाबेसांतील सूची वृक्षाकार असते. प्रत्येक पानावर दोनशे निर्देश मावले तर तीन पायऱ्यांत ऐंशी लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. परंतु नावात कोठेही 'पाटील' असलेला खातेदार शोधा, असे सांगितल्यास ही रचना निरुपयोगी ठरते. दूरध्वनी पुस्तिकेत केवळ मधल्या नावावरून माणूस शोधण्यासारखेच ते होय. उलटपक्षी प्रत्येक रकान्यावर सूची लावणे हाही उपाय नव्हे, कारण नवी फेरफार नोंद करताना त्या सर्व सूची अद्ययावत कराव्या लागतात.

फाइलींविषयी दोनच गोष्टी विशेष नमूद करण्याजोग्या आहेत. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ पूर्वीच्या आवृत्त्यांत डेटा फाइलीची वाढ मुळात एकेका मेगाबाइटने होत असे. हे मूल्य न बदलल्यास फाइलीचे शेकडो तुकडे होतात. दुसरी गोष्ट लॉग फाइलीची. पूर्ण पुनर्प्राप्ती पद्धतीत लॉगची स्वतंत्र प्रत घेतल्याखेरीज ती फाइल वाढतच राहते, एके दिवशी डिस्क भरते आणि जागा करण्यासाठी कोणी लॉगच पुसून टाकतो. जागा कमी पडते म्हणून फेरफार नोंदवही जाळण्याइतकेच हे कृत्य गंभीर आहे.

रात्रीची कामे

सूचींची फेरबांधणी व प्रती घेणे ही कामे सहसा रात्री नियोजित आज्ञावलींवर सोपविली जातात. हाताने चालविल्यास बिनचूक चालणारी आज्ञावली रात्री का चालत नाही, हा जुन्या प्रणालींतील नेहमीचा प्रश्न होय. वापरकर्ता नसताना जोडलेली नेटवर्क डिस्क उपलब्ध नसते. ज्या खात्याच्या नावे काम लावले त्याचा परवलीचा शब्द बदललेला असतो. फाइलीच्या नावात घातलेल्या तारखेतील तिरकी रेघ फोल्डरची खूण मानली जाते. यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर असल्यास पहाटे पाचचे म्हणून लावलेले काम भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाला, ऐन कार्यालयीन वेळेत सुरू होते. क्रॉन ही सुविधा चुकलेली वेळ पुन्हा पाळत नाही. त्यामुळे ज्या रात्री वीज नव्हती, त्या रात्रीची प्रत नसतेच.

यांपैकी बहुतेक बिघाड मूक असतात. कोणताही संदेश न देता महिनोन्‌महिने शून्य आकाराच्या फाइली तयार होत राहतात आणि गरज पडेल त्या दिवशीच ते ध्यानात येते. म्हणून आज्ञावलीने आरंभ, शेवट, नोंदींची संख्या व फाइलीचा आकार एका वहीत लिहावा आणि कालच्या तुलनेत आकार घटल्यास काम थांबवावे. दर महिन्याला एकदा प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून तीतून एखाद्या गावाचे, कोळवणचे म्हणा, सर्व सातबारा काढावेत आणि त्यांवरील क्षेत्राची बेरीज आकारबंदातील एकूण क्षेत्राशी ताडून पाहावी. बेरीज जुळली नाही, तर त्या महिन्यातील फेरफार क्रमांकांची सलग यादी काढून कोणता क्रमांक गळला आहे, तेथून तपासास आरंभ करावा.